पेरूने लॉकडाऊन लवकर लावला, कडक लावला, तरी इतकी माणसं का गेली?

दक्षिण अमेरिकेतल्या पेरूची कोविडची गोष्ट कुणाला सांगितली की पहिला प्रश्न हमखास येतो, असं कसं झालं? कारण कागदावर बघितलं तर त्यांनी सगळं वेळेत केलेलं. ६ मार्च २०२० ला पहिला पेशंट सापडला, १५ मार्चला राष्ट्राध्यक्ष मार्तिन विस्कारा टीव्हीवर आले आणि १६ पासून देश बंद. तेव्हा अख्ख्या देशात शंभर पेशंटसुद्धा नव्हते. सीमा बंद, विमानं बंद, रात्री कर्फ्यू, रस्त्यावर आर्मी. शेजारच्या ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष हा साधा फ्लू आहे म्हणून हसत होते आणि पेरूचं जगभर कौतुक चालू होतं, विस्कारांच्या कामावर खूश असणारे लोक सर्व्हेमध्ये ८० टक्क्यांच्या वर गेले होते.

आणि ऑगस्ट २०२० संपता संपता लोकसंख्येच्या प्रमाणात कोविडने गेलेल्या माणसांत पेरू जगात एक नंबरला. देशाची लोकसंख्या सव्वातीन कोटींच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशही नाही, आणि अधिकृत मृत्यूंचा आकडा शेवटी २ लाख २० हजारांच्या आसपास पोचला. महाराष्ट्राचा अधिकृत आकडा दीड लाखाच्या थोडा आतच थांबला. (आकडे मोजायची पद्धत वेगळी आहे, तिच्याबद्दल खाली बोलूच, ती भानगड मोठी आहे.)

आता यावर सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे लोक बेशिस्त, ऐकतच नाहीत. पेरूत पण हेच म्हटलं गेलं. २२ ऑगस्टला लिमाच्या लोस ऑलिवोस भागात एका डिस्कोत पार्टी चालू होती, पोलिसांची धाड पडली, चेंगराचेंगरी झाली आणि १३ जण गेले, त्यानंतर तर ही टीका खूपच वाढली. पण गूगलने तेव्हा मोबाइल लोकेशनवरून लोकांची हालचाल किती घटली त्याची आकडेवारी काढली होती, त्यात एप्रिल महिन्यात लॅटिन अमेरिकेत सगळ्यात जास्त घट झालेल्या देशांमध्ये पेरू आहे. म्हणजे लोक ऐकत होते, जेवढं ऐकता येईल तेवढं. शिस्तीचा मुद्दा मला त्यामुळे फारसा पटत नाही. खरा मुद्दा हा की 'घरी बसा' या ऑर्डरमध्ये घराबद्दल बरंच काही गृहीत धरलेलं असतं, आणि पेरूतल्या निम्म्या घरांत ते नव्हतंच.

फ्रीजचंच घ्या. २०१७ च्या जनगणनेनुसार पेरूत साधारण ४९ टक्के घरांत फ्रीज होता. आता फ्रीज नाही म्हणजे आठवड्याचा बाजार एकदम आणून ठेवता येत नाही, मासे मटण भाजी रोजची रोज आणावी लागते, मग रोज बाजारात जावंच लागतं, सरकार काहीही म्हणो. आणि बाजार म्हणजे लिमातले ते मोठे मोठे बंदिस्त बाजार, अरुंद गल्ल्या, वर पत्रे, हवा खेळायला जागा नाही. बाकी सगळं बंद केल्यामुळे अख्ख्या वस्तीला जायला तेवढी एकच जागा उरली, त्यात कर्फ्यूमुळे खरेदीची वेळ कमी केलेली, म्हणजे तीच माणसं थोड्या तासांत कोंबली गेली. मे महिन्यात लिमाच्या ला विक्टोरिया भागातल्या फळबाजारात टेस्ट केल्या तर दर पाच विक्रेत्यांमधले जवळपास चार पॉझिटिव्ह निघाले. गर्दी टाळायला केलेल्या नियमानेच गर्दी वाढवली.

यातला सगळ्यात विचित्र प्रयोग एप्रिलमधला. सोमवार बुधवार शुक्रवार फक्त पुरुषांनी बाहेर पडायचं, मंगळवार गुरुवार शनिवार फक्त बायकांनी, रविवारी कुणीच नाही. ऐकायला छान वाटतं की निम्मी गर्दी. पण घरचा बाजार बहुतेक बायकाच करतात हे कुणाच्या लक्षातच आलं नाही की काय, बायकांच्या दिवशी बाजार ओसंडून वाहायला लागले. आठवडाभरात, १० एप्रिलला, नियम गुंडाळला.

दुसरी गोष्ट कामाची. पेरूत दर दहा कामगारांत सात जण इनफॉर्मल, म्हणजे ना पगाराची स्लिप, ना रजा, ना पीएफसारखं काही. फेरीवाले, मोलकरणी, बांधकामावरचे, मोटोटॅक्सी चालवणारे. आज काम केलं तर आज पैसे. अशा माणसाला दोन आठवडे घरी बस म्हणणं एकवेळ चालेल, पण तो लॉकडाऊन पुन्हा पुन्हा वाढत जूनच्या अखेरपर्यंत गेला, साडेतीन महिने!

बरं सरकारला हे कळत नव्हतं असंही नाही, आणि इथेच पेरूची केस बाकी गरीब देशांपेक्षा वेगळी पडते. पेरूच्या तिजोरीत पैसा होता. वीस वर्षं अर्थव्यवस्था चांगली चाललेली, तांबं विकून डॉलर येत होते, सरकारवरचं कर्ज शेजाऱ्यांच्या मानाने कमी. अर्थमंत्री मारिया अँतोनिएता आल्वा, वय अवघं ३५, त्यांनी जीडीपीच्या १२ टक्क्यांच्या आसपासचं पॅकेज जाहीर केलं, लॅटिन अमेरिकेत तेव्हा एवढं मोठं कुणाचंच नव्हतं. लॉकडाऊन लागला त्याच दिवसांत गरीब कुटुंबांना ३८० सोलची मदत जाहीर झाली. सोल हे तिकडचं चलन, आणि तेव्हा महिन्याचं किमान वेतन ९३० सोल होतं, म्हणजे मदत अगदीच चिल्लर नव्हती.

पण द्यायची कशी? प्रौढ माणसांपैकी बँकेत खातं असलेले जेमतेम दहात चार. गरीब कोण याची सरकारी यादी होती पण जुनी, आणि त्या यादीत 'गरीब नाही' म्हणून नोंद झालेला फेरीवाला लॉकडाऊन लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यात गरीब झालेला, तो यादीत कुठून येणार. मग ज्यांना मिळायचे होते त्यांनी पैसे घ्यायला बँकेत यायचं. बान्को दे ला नासिओन या सरकारी बँकेच्या शाखांबाहेर पहाटेपासून रांगा, म्हातारी माणसं, पोरं घेऊन बायका, अगदी खेटून. अॅमेझॉनच्या जंगलातल्या गावांतून आदिवासी लोक होडीने तालुक्याच्या गावाला आले, पैसे घेतले आणि परत जाताना काही जण आजारही घेऊन गेले. ज्या गावांनी स्वतःहून नदीवर आडकाठी लावून बाहेरच्यांना बंदी केली होती त्यांच्यासुद्धा दारात विषाणू सरकारी मदतीच्या रांगेतून पोचला. एप्रिलच्या शेवटी मग यादी मोठी करून ६८ लाख कुटुंबांना ७६० सोल द्यायचं ठरलं, पण तेही हातात पडायला काहींना महिनोन्महिने लागले.

माझ्या मते पेरूच्या अख्ख्या गोष्टीचं मूळ इथे आहे. पैसा नव्हता म्हणून माणसं गेली असं पेरूबद्दल म्हणता येत नाही. पैसा होता, तो माणसापर्यंत न्यायची वाटच बांधलेली नव्हती. अशा वाटा साथ आल्यावर दोन आठवड्यात बांधून होत नाहीत, त्या आधीच्या चांगल्या वीस वर्षांत बांधायच्या असतात.

आणि मग लोकांनी काय केलं? लिमात अडकलेले गावाकडचे लोक चालत निघाले. हे चित्र आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. एप्रिलमध्ये सेंट्रल हायवेने, अँडीज पर्वत चढत, पोरंबाळं आणि गाठोडी घेऊन लोक वांकायो, वांकावेलिका, आयाकुचोकडे चालायला लागले. सरकारने मग नोंदणी सुरू केली, टेस्ट करून बसने पाठवू म्हणून, तर दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं दिली. जे लिमाच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत राहिले त्यांच्यातल्या बायकांनी एकत्र येऊन सामाईक चुली पेटवल्या, त्याला तिकडे 'ओया कोमून' म्हणतात. प्रत्येकीने घरातलं असेल ते आणायचं, मार्केटमधून उरलेली भाजी मागून आणायची आणि एका मोठ्या पातेल्यात गल्लीचं जेवण शिजवायचं. ही पद्धत तिकडे जुनी आहे, ८० च्या दशकातल्या भयंकर महागाईतही बायकांनी असंच निभावलं होतं, त्यामुळे सरकारी मदतीपेक्षा ही चूल कितीतरी लवकर पेटली.

आता टेस्टिंगचा घोळ. सुरुवातीला पीसीआर टेस्ट करायची सोय मुख्यतः लिमातल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या लॅबमध्ये, आणि त्याचं केमिकल किट जगात कुठेच मिळत नव्हतं, श्रीमंत देश आधी उचलत होते. म्हणून पेरूने चीनकडून लाखोंनी रॅपिड टेस्ट घेतल्या. पण या रॅपिड टेस्ट म्हणजे नंतर आपण घरी नाकात काडी घालून केल्या त्या नव्हेत, या रक्तातल्या अँटिबॉडीच्या टेस्ट. फरक समजून घ्या, पीसीआर विषाणूच शोधते, तर अँटिबॉडी टेस्ट शरीराने विषाणूशी लढायला जे तयार केलं ते शोधते, आणि ते तयार व्हायला आठवडा दोन आठवडे लागतात. म्हणजे माणूस सगळ्यात जास्त पसरवत असतो त्या पहिल्या दिवसांत ही टेस्ट निगेटिव्ह येते, आणि तो बरा होत आला की पॉझिटिव्ह. वरातीमागून घोडं! सर्व्हेसाठी, म्हणजे किती लोकांना होऊन गेलाय हे बघायला ही टेस्ट ठीक आहे, पण कुणाला आज वेगळं ठेवायचं हे ठरवायला काही कामाची नाही. निगेटिव्ह आला म्हणून किती लोक निर्धास्तपणे घरी गेले असतील कोण जाणे. फळबाजाराचा तो आकडाही याच टेस्टचा होता, म्हणजे त्यातले बरेच विक्रेते आधीच आजारी पडून गेले होते आणि तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

औषधांचं थोडक्यात सांगतो. मे २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने आयव्हरमेक्टिन, जंतांवरचं औषध, कोविडच्या उपचारात घातलं, पुरावा नसताना. लोक जनावरांसाठीचं इंजेक्शनसुद्धा घ्यायला लागले. २०२१ मध्ये ते यादीतून काढलं.

ऑक्सिजनची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण ती टाळता आली असती. कोविडमध्ये फुप्फुसं सुजतात आणि रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, अशा पेशंटला बाहेरून ऑक्सिजन दिला तर बरेच जण वाचतात, सगळ्यांनाच व्हेंटिलेटर लागत नाही. पेरूत आयसीयू बेड अख्ख्या देशात मिळून हजारही नव्हते आणि सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे साधा ऑक्सिजन हाच खरा आधार होता. तो काढायचे दोन मुख्य मार्ग. एक, हवा प्रचंड थंड करून तिचं लिक्विड करायचं आणि त्यातून ऑक्सिजन वेगळा करायचा, हा ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध येतो पण त्याला मोठा कारखाना लागतो, टँकर लागतात. दुसरा, हवा दाबाने झिओलाइट नावाच्या पदार्थातून सोडायची, झिओलाइट नायट्रोजन पकडून ठेवतो आणि पुढे ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन मिळतो. हे मशीन हॉस्पिटलच्या आवारातच बसतं, २०२१ मध्ये आपल्याकडे पीएसए प्लांट पीएसए प्लांट म्हणून जे ऐकत होतो तेच. पेशंटच्या दृष्टीने ९३ टक्के पुरतो, डब्ल्यूएचओलाही तो चालतो.

पण पेरूत २०१० पासून नियम असा की मेडिकल ऑक्सिजन ९९ टक्क्यांच्या वरच हवा. याचा अर्थ काय, तर हॉस्पिटलांनी स्वतःचे प्लांट बसवण्यात अर्थच राहिला नाही आणि बाजार दोन-तीन मोठ्या गॅस कंपन्यांच्या हातात. त्यातही पेरूच्या स्पर्धा नियामक संस्थेने, इंडेकोपीने, २०१३ मध्ये ऑक्सिजन कंपन्यांना आपापसात बाजार वाटून घेतल्याबद्दल दंड केलेला. म्हणजे धोका आहे हे सात वर्षं आधी कागदावर आलेलं होतं! नियम बदलला जून २०२० मध्ये, ९३ टक्केवाला चालेल असं सांगून, तोवर लोक हॉस्पिटलबाहेर सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभे राहत होते, घरी बाप तडफडतोय आणि पोरगा सिलिंडर खांद्यावर घेऊन शहरभर फिरतोय अशी अवस्था, आणि काळ्या बाजारात भाव कित्येक पट.

सगळ्यात वाईट हाल इकितोसचे. हे शहर अॅमेझॉन नदीच्या काठी, लोकसंख्या चार लाखांच्या वर, आणि बाकी देशाशी जोडणारा रस्ताच नाही, जायचं तर विमानाने नाहीतर दिवसचे दिवस बोटीने. एप्रिल मे मध्ये तिथल्या लोरेतो रीजनल हॉस्पिटलमध्ये कॉरिडॉरमध्ये पेशंट, ऑक्सिजन संपलेला, डॉक्टर स्वतः आजारी, कित्येक डॉक्टर गेलेसुद्धा. लिमाहून मदत येईना म्हणून तिथले एक धर्मगुरू, रायमुंदो पोर्तेली, मूळचे माल्टाचे आणि स्वतः डॉक्टर असलेले, त्यांनी फेसबुकवरून लोकांना आवाहन केलं आणि काही दिवसांत एवढे पैसे जमले की शहराने स्वतःचा ऑक्सिजन प्लांट विकत आणला. लोकवर्गणीतून! ही बातमी जगभर कौतुकाने छापली गेली, आणि कौतुक आहेच, पण मला ती वाचताना राग जास्त येतो. जे काम मंत्रालयाने दहा वर्षांत केलं नाही ते एका चर्चने काही दिवसांत करून दाखवलं, मग अडलं होतं कुठे?

इकितोसमधूनच आणखी एक धडा जगाला मिळाला. जुलै २०२० मध्ये सर्व्हे केला तर शहरातल्या साधारण ७० टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. तेव्हा हर्ड इम्युनिटी हा शब्द सगळ्यांच्या तोंडात होता, बहुतेकांना होऊन गेला की साथ आपोआप थांबेल म्हणून. लोक मोकळेपणाने फिरायला लागले, आणि २०२१ च्या सुरुवातीला दुसरी लाट आली, परत तेच, परत ऑक्सिजनच्या रांगा. एकदा होऊन गेल्याचं संरक्षण काही महिन्यांनी कमी होतं आणि नवीन व्हेरियंट त्याला चकवतो, ते इकितोसने फार महागात शिकवलं.

या सगळ्यात राजकारण. नोव्हेंबर २०२० मध्ये संसदेने विस्कारांना भ्रष्टाचाराच्या आरोपावरून काढलं, मान्युएल मेरिनो आले, रस्त्यावर हजारो तरुण उतरले, दोन मुलं आंदोलनात गेली, मेरिनो पाच दिवसांत पायउतार, मग फ्रान्सिस्को सागास्ती. आठवडाभरात तीन राष्ट्राध्यक्ष, आणि नेमका तोच काळ लस कंपन्यांशी करार करायचा. पेरू शेजाऱ्यांच्या मागे पडला, पहिले ३ लाख डोस फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनहून आले.

आणि आले त्याच महिन्यात बाहेर आलं की मोठ्या लोकांनी आधीच गुपचूप घेतलीये. सायनोफार्म या चिनी लसीची ट्रायल पेरूत चालू होती, त्यासाठी जादा डोस आले होते, त्यातले ४८७ लोकांना यादीबाहेर दिले गेले. विस्कारा स्वतः पदावर असताना ऑक्टोबरमध्ये घेऊन बसलेले, आरोग्यमंत्री पिलार मासेती, परराष्ट्रमंत्री एलिसाबेत आस्तेते, कुणाची बायको, कुणाचा भाऊ. तिकडे याला 'बाकुनागेट' नाव पडलं, 'बाकुना' म्हणजे लस. दोन्ही मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि संसदेने विस्कारांवर दहा वर्षं सरकारी पदाची बंदी घातली. नर्स पीपीई किट धुवून वापरत होत्या त्या काळात हे चाललेलं. नंतर मात्र लसीकरणाने वेग घेतला, वीकेंडला सलग ३६ तास चालणारे 'बाकुनातोन' भरवले, रात्री दोन वाजता पण लोक रांगेत, आणि या वेळची रांग शिस्तीत सरकत होती.

आता आकड्यांकडे. मे २०२१ पर्यंत पेरूचा अधिकृत आकडा होता ६९,३४२. कारण टेस्ट पॉझिटिव्ह येऊन मेला तरच तो कोविडचा मृत्यू धरायचे, आणि टेस्टचं काय होतं ते वर सांगितलंच, घरी गेलेला माणूस तर हिशेबातच नाही. पण पेरूत एक चांगली गोष्ट होती, सिनादेफ नावाची मृत्यू नोंदणीची ऑनलाइन सिस्टिम, २०१६ पासूनची, कुणीही डेटा डाऊनलोड करून बघू शकतो. पत्रकार आणि अभ्यासक त्यातून दर आठवड्याला दाखवत होते की नेहमीच्या वर्षापेक्षा कितीतरी जास्त माणसं मरतायत, आणि अधिकृत आकड्याशी काही मेळ नाही. शेवटी सागास्ती सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, त्यांनी फक्त टेस्ट न बघता लक्षणं, एक्सरे, डॉक्टरने दाखल्यावर लिहिलेलं कारण असं सगळं धरून मोजलं. ३१ मे २०२१ ला पंतप्रधान विओलेता बेर्मूदेस यांनी नवीन आकडा जाहीर केला, १,८०,७६४. एका दिवसात अडीच पटीहून जास्त.

जगभर हेडलाइन झाली, पेरू सगळ्यात वाईट देश. पण विचार करा, किती सरकारं स्वतःहून असं करतील? डब्ल्यूएचओने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज काढला तेव्हा भारताचा ४७ लाख निघाला, अधिकृत आकडा त्यावेळी ४ लाख ८० हजारांच्या आसपास, आणि आपल्या सरकारने तो अंदाज अमान्य केला. कोण बरोबर तो वाद इथे नको. त्याच हिशेबात, लोकसंख्येच्या प्रमाणात, पेरू तरीही सगळ्यात वर राहतो हेही सांगायला हवं, म्हणजे नुसत्या प्रामाणिक मोजणीमुळे तो पहिला दिसतो असं नाही.

मोजणीचा उपयोग मात्र फक्त यादीत नंबर लावायला नसतो. २०२० मध्ये पेरूची अर्थव्यवस्था ११ टक्क्यांनी आकसली, गरिबी २० वरून ३० टक्क्यांवर गेली, आणि दर हजार मुलांमागे साधारण दहा मुलांचे आई किंवा बाप किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गेले, याबाबतीतही अभ्यास केलेल्या देशांत पेरूच वर. २०२१ मध्ये सरकारने अशा मुलांना महिन्याला २०० सोल पेन्शन सुरू केली, कोविडने आई किंवा बाप गेलेल्यांसाठी. आणि तेव्हा ती मागायची तर मृत्यू कोविडने झाला हे सरकारी नोंदीत दिसावं लागायचं.